व्हॅनमधला भिंतीला दुमडणारा पलंग: आधी गादी ठरवा, मग पाइप कापा

ट्रॅव्हलर किंवा विंगरसारख्या उंच व्हॅनमध्ये दुमडता पलंग बसवताना चूक बहुतेक वेळा वेल्डिंगमध्ये होत नाही, मापात होते. पलंग आधी तयार होतो, गादी शेवटी येते. मग पलंग उभा केला की गादी भिंतीत अडकते, कडी लागत नाही आणि पुढचा प्रत्येक प्रवास दोरीने बांधून करावा लागतो. म्हणून या लेखातला क्रम बदलू नका.

इथला पलंग लांबीने भिंतीला समांतर आहे. भिंतीकडच्या कडेला बिजागऱ्या, बाहेरच्या कडेला खाली लोंबणारे पाय. दिवसा तो उभा होऊन भिंतीला लागतो. माप १८५० बाय ७५० मिमी, एका माणसासाठी. उंची पाच फूट दहा इंचांपर्यंत असेल तर पुरतो. दोघांसाठी हाच पलंग रुंद करत बसू नका. ७५०च्या पुढे प्रत्येक इंचाला वजन आणि उभ्या पलंगाची उंची दोन्ही वाढतात, आणि मग तो खिडकीच्या वरच्या चौकटीला जाऊन भिडतो.

## टप्पा १: कागदपत्रं आणि जागा

सीट काढणार असाल तर पाना हातात घेण्याआधी आरटीओत जा. आरसीवर जी आसनक्षमता लिहिलेली आहे ती बदलणारं कोणतंही काम मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली येतं आणि त्याला परवानगी लागते. गाडी रीतसर मोटर कॅरॅव्हॅन म्हणून नोंदवायची असेल तर एआयएस-१२४ हे मानक लागू होतं. ते काम अधिकृत बॉडी बिल्डरकडूनच करून घ्यावं लागतं. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा.

जागा ठरवताना या तीन गोष्टी पाहा:

- आपल्याकडे चढ-उतार डाव्या दाराने होतो, त्यामुळे पलंग उजव्या भिंतीला.
- उजवीकडच्या एखाद्या खिडकीवर किंवा मागच्या दारावर संकटकालीन मार्गाची खूण असेल, तर पलंग उभा असो की आडवा, तो मार्ग मोकळा राहिला पाहिजे. यात तडजोड नाही.
- मागच्या चाकाची कमान कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते खडूने जमिनीवर मारून घ्या. पाय किंवा खांब तिच्यावर आला तर मग तो कापून तिरका करावा लागतो, आणि तिरका पाय कधीच नीट उभा राहत नाही.

उजव्या बाजूला ड्रायव्हरचं वजन आधीच आहे, त्यात पलंगाची भर पडते. पाण्याची टाकी आणि जास्तीची बॅटरी डावीकडे ठेवा.

## टप्पा २: माप. सगळं काम इथेच जमतं किंवा फसतं

व्हॅनची भिंत सरळ नसते, वर जाताना आत झुकते. टेपने फक्त जमिनीवर रुंदी मोजून सुरुवात केली की घोटाळा ठरलेला.

गाडी सपाट जागेवर लावा. दाराच्या उंबऱ्यावर पाणसळ ठेवून खात्री करा. मग पलंग जिथे येणार तिथे पुढे, मध्ये आणि मागे अशा तीन ठिकाणी वरून ओळंबा सोडा आणि दोरीपासून भिंतीपर्यंतचं अंतर जमिनीपासून ४०० मिमी, ८०० मिमी आणि ११५० मिमी उंचीवर मोजा. ४०० ही बिजागरीची उंची. ११५० म्हणजे उभ्या पलंगाचं टोक. लायनिंग अजून बसवायचं असेल तर त्याची जाडीही धरा. खिडकीची रबरी चौकट, पडद्याची सळई, एसीची नळी असं जे काही पुढे येत असेल ते भिंतच समजा.

४०० आणि ११५० मधला सर्वांत मोठा फरक म्हणजे भिंतीचा झुकाव. आता गादी. ती विकत घेऊनच या, निदान फोमचा तुकडा आणून जाडी मोजा. ७५ मिमी, ४० डेन्सिटीचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम चांगला. ५० मिमीवर कंबर खालच्या प्लायला लागते आणि १०० मिमी जागा फार खातो.

पलंग उभा केला की गादी भिंतीच्या बाजूला वळते. तिला मावायला बिजागरी भिंतीपासून पुढे असावी लागते. भिंत आणि बिजागरी यांच्यामध्ये जी न हलणारी फळी राहते, तिला पुढे पट्टी म्हणू. तिची रुंदी अशी काढा:

गादी + प्लाय + भिंतीचा झुकाव + १५ मिमी मोकळीक

झुकाव ४० मिमी निघाला तर ७५ + ९ + ४० + १५ = १३९, म्हणजे १४० मिमी. पलंग उभा असताना गॅंगवेतली (मधल्या वाटेतली) सुमारे २२० मिमी जागा जाते, आडवा असताना ८९०. हे आकडे जमिनीवर खडूने आखा आणि त्या उरलेल्या जागेतून पिशवी घेऊन चालून बघा.

> इशारा: रजई किंवा गोधडी पलंगावरच ठेवून तो उभा करायचा विचार असेल तर तिची दाबलेली जाडीही पट्टीत मिळवा. नाहीतर तिला दुसरी जागा शोधा. १५ मिमीच्या मोकळिकीत फक्त चादर मावते.

तपासणी: पुठ्ठ्याचा किंवा ४ मिमी प्लायचा ७५० मिमी लांब तुकडा घ्या, त्यावर फोमचा तुकडा बांधा आणि पट्टीची कड येणार तिथे, ४०० मिमी उंचीवर टेकवून तीनही ठिकाणी उभा करून बघा. फोम भिंतीला घासला तर पट्टी वाढवा. पाइप कापल्यावर ती वाढवता येत नाही.

## टप्पा ३: सामान

- ४०×४०×२ मिमी एमएस (साध्या लोखंडाचा) स्क्वेअर पाइप, एक नग (६ मीटर): पट्टीसाठी
- ५०×२५×१.६ मिमी पाइप, १.८५ मीटर: पलंगाची बाहेरची कड
- २५×२५×१.६ मिमी पाइप, दोन नग: आतली कड, आडवे, पाय
- ९ मिमी बीडब्ल्यूपी (पाण्यात न सुटणारा) प्लाय, आयएस ७१० छापाचा: १८५० × ७३५
- १०० मिमी लोखंडी बिजागऱ्या, ५. पिन दोन्ही टोकांना ठोकून बंद केलेली असावी
- एम८ स्टीलचे रिवनट (पत्र्यात एकाच बाजूने बसणारे आटेदार नट) ८, एम८ आणि एम६ बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज सैल न होणारे), मोठे वायसर
- टॉगल क्लॅम्प (दांडी दाबली की घट्ट होणारी पकड) २, ४० मिमी रुंद बेल्ट बकलसह १
- एम१० लेव्हलिंग बोल्ट रबराच्या बुडासह २

पलंगाचं वजन गादीसकट साधारण २६ किलो भरतं. बिजागरी एका कडेला असल्यामुळे उचलताना हाताला निम्मं, म्हणजे १३ किलोच येतं. म्हणून फर्निचरवाल्याकडचा हायड्रॉलिक पंप इथे लावू नका. तो मोठ्या पेटीपलंगाच्या हिशेबाचा असतो. हलक्या पलंगाला लावला तर पलंग खाली राहतच नाही, कोणी उठलं की वर उसळतो.

बाहेरची कड ५०×२५ का? सगळी चौकट २५×२५ मध्ये करण्याचा मोह होतो. पण बाहेरच्या कडेला दोन पायांत सव्वा मीटर अंतर आहे. शंभर किलोचा माणूस नेमका मध्यावर, कडेवर बसला की २५×२५ पाइप दीड सेंटीमीटर वाकतो आणि पुन्हा पूर्ण सरळ होत नाही. ५०चा पाइप उभा लावला की हाच वाक जेमतेम एक सूत राहतो. वजन वाढतं ते एक-सव्वा किलो.

## टप्पा ४: पट्टीची चौकट

४०×४० चा १८५० लांब पाइप, वरची कड जमिनीपासून ४०० मिमीवर. खाली तीन खांब, मागे भिंतीकडे जाणारे चार आडवे आधार, त्यांना हात म्हणू. पट्टीवरून पलंगाचं वजन खांबांतून जमिनीत जातं. भिंतीकडचे हात फक्त तिला हलू देत नाहीत. ही विभागणी लक्षात ठेवा, कारण बरेच जण खांब गाळतात आणि सगळा भार रिवनटवर टाकतात.

१. हात फक्त बॉडीच्या उभ्या खांबांवर घ्या. दोन खांबांच्या मधला पत्रा बाहेरून दिसतो तोच असतो, त्याला भोक पाडायचं नाही. बोट टकटक करून आवाजावरून खांब ओळखता येतो, पण खात्रीसाठी लायनिंग सोडवूनच बघा.

२. प्रत्येक हाताला दोन एम८ रिवनट. भोक ११ मिमी, त्याहून मोठं झालं तर रिवनट जागेवर फिरतो आणि मग बोल्ट घट्टही होत नाही, निघतही नाही. आधी ४ मिमीचं, मग ८, मग ११. भोकाच्या कडेला झिंक प्रायमरचं बोट लावल्याशिवाय रिवनट बसवू नका.

३. खांबांच्या बुडाला १००×१००×४ मिमीच्या प्लेट, त्यांतून एम८ बोल्ट जमिनीतून आरपार, खालून ७५×७५×३ ची प्लेट आणि नायलॉक नट.

> इशारा: जमिनीत भोक पाडण्याआधी एकजण गाडीखाली जाऊन बघेल. डिझेलची नळी, ब्रेकचा पाइप आणि वायरिंगचा जुडगा बहुतेक चेसिसच्या कडेनेच जातात, म्हणजे नेमके तिथेच जिथे खांब येतो. ड्रिलच्या बिटला मापावर लाकडाची गोटी लावा, म्हणजे ते एकदम आत घुसणार नाही.

४. भोकांना खालून पीयू सीलंट. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही आणि चिखलपाण्यात ते सुटतं.

तपासणी: पट्टीवर पाणसळ ठेवा, मग तिच्यावर चढून उभे राहा. करकर आवाज आला तर एखादा हात पत्र्यावरच ओढला गेला आहे.

## टप्पा ५: पलंगाची चौकट

वेल्डिंग गाडीबाहेरच करा. काही कारणाने आत टाका मारावाच लागला तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट गाडीच्या वायरिंगमधून वाट काढतो.

१. आतली कड २५×२५, बाहेरची ५०×२५ उभी, मध्ये सहा आडवे ७०० मिमीचे. केंद्रापासून केंद्र ३६५ मिमी. सगळ्यांच्या वरच्या कडा एका पातळीत. बाहेरचा पाइप २५ मिमी खाली उतरतो, तो तसाच हवा. पाय तिथेच बसतात.

२. सपाट जमिनीवर मांडा, कोपऱ्यांना गुण्या लावा, आधी फक्त टाके मारा. मग दोन्ही कर्ण मोजा. फरक एका सुतापेक्षा जास्त नको.

३. १.६ मिमीच्या पाइपला २.५ मिमीचा रॉड, करंट कमी. एका बाजूने सलग वेल्ड मारत गेलात तर चौकट केळ्यासारखी वाकते. एक सांधा या टोकाला, पुढचा त्या टोकाला असं करा आणि मध्ये थंड होऊ द्या.

४. पाइपची उघडी तोंडं पत्र्याच्या तुकड्याने बंद करा. कोकणातल्या एका पावसाळ्यात उघडा पाइप आतून सडू लागतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

तपासणी: चौकट सपाट जमिनीवर उलटी ठेवा. चारही कोपरे टेकले पाहिजेत. एक कोपरा उचललेला असेल तर आत्ताच सरळ करा. बिजागऱ्या लावल्यावर हाच पीळ त्यांच्या पिनांवर येतो.

## टप्पा ६: बिजागऱ्या

बिजागरीची पानं पट्टी आणि पलंगाच्या समोरासमोरच्या उभ्या बाजूंवर, पिनेची नळी वर. पलंग खाली आला की दोन्ही पाइप एकमेकांना टेकतात आणि पलंग आपोआप आडव्या पातळीत थांबतो. नळी खाली लावली तर पलंग उचलताच येत नाही. ही चूक हास्यास्पद वाटते, पण पलंग उलटा ठेवून काम करणाऱ्याकडून ती हमखास होते.

पाचही पिना एका रेषेत हव्यात. त्यासाठी पाचांची भोकं एकदम पाडू नका. दोन टोकांच्या बिजागऱ्या आधी लावा, त्यांच्या पिनांवरून दोरा ताणा, मधल्या तिन्ही त्या दोऱ्याला जुळवा. प्रत्येक पानाला किमान तीन एम६ बोल्ट, आरपार, नायलॉक नटसह. सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू चालणार नाहीत. १.६ मिमीच्या पाइपमध्ये त्यांना दोन आटेसुद्धा पुरते मिळत नाहीत आणि खडखडाटाने ते सैल होतात.

दरवाजाला लावतात त्या काढता येणाऱ्या बुलेट बिजागऱ्या घेऊ नका. इथे पिन आडवी आहे. जोराचा ब्रेक लागला की अख्खा पलंग पुढे सरकून निघू शकतो.

तपासणी: पलंग एका हाताने, मधोमध धरून उचला. शेवटच्या बोटभर अंतरात जड जात असेल तर एखादी पिन रेषेबाहेर आहे. तेल ओतून हा दोष जात नाही.

## टप्पा ७: पाय

दोन पाय आणि त्यांना जोडणारा आडवा, असा एकच यू आकार. बाहेरच्या पाइपच्या आतल्या बाजूला कान (भोक असलेले पत्र्याचे जाड तुकडे) वेल्ड करा, त्यांतून एम१० बोल्ट. पाय टोकांपासून ३०० मिमी आत, दोन आडव्यांच्या मधल्या जागेत. पायाचं वरचं टोक अर्धगोल घासा, नाहीतर ते फिरताना पाइपला अडतं.

या जोडणीत पाय वजनानेच सरळ खाली लोंबतात, पलंग उभा असताना आणि आडवा असतानाही. पण निव्वळ लोंबता पाय धोक्याचा आहे. झोपेत कोणाचा पाय लागला तर तो आत दुमडतो. म्हणून तळ सुमारे ५ अंश बाहेर जाईल अशा ठिकाणी कानांत अडसर टाका. वजन पडलं की पाय अडसरावर आणखी घट्ट दाबला जातो. शिवाय एक दुमडता स्टे (आधाराची दांडी) किंवा साधी खिट्टी हवीच.

पाय शेवटी मोजून कापा, लेव्हलिंग बोल्टसाठी ३० मिमी सोडून. पलंग आडवा धरून पाणसळ बघा आणि मगच.

## टप्पा ८: उभा पलंग धरून ठेवणं

गाडी उजवीकडे वळली की सामान डावीकडे फेकलं जातं. पलंग उजव्या भिंतीला आहे, म्हणजे घाटातल्या प्रत्येक उजव्या वळणावर तो आत, गॅंगवेत कोसळू पाहणार. साधी दाराची कडी हे सहन करते, पण भोकात सैल असल्यामुळे रात्रंदिवस खडखडते आणि हळूहळू भोक मोठं करते.

वरच्या कडेला दोन टॉगल क्लॅम्प, दोन्ही बॉडीच्या खांबांवर. त्यांच्या समोर रबराचे ठोकळे, जेणेकरून क्लॅम्प लावल्यावर चौकट रबरावर थोडी दाबली जाईल. खडखडाट थांबतो तो या दाबाने. याखेरीज मधोमध वेगळ्या खांबाला बांधलेला ४० मिमीचा बेल्ट. क्लॅम्प निसटला तरी पलंग वीतभर उघडून बेल्टवर थांबला पाहिजे. बेल्ट शेवटी उघडायचा.

> इशारा: लोखंडी चौकट गॅंगवेच्या बाजूला असल्यामुळे उभ्या पलंगाचा कल खाली येण्याकडेच असतो. बेल्ट सोडण्याआधी एक हात कडेवर. मूल गॅंगवेत असताना पलंग उघडायचा नाही. आणि पलंग आडवा असताना गाडी हलवायची नाही, कोणी झोपलेलं असताना तर नाहीच.

## टप्पा ९: सोडवा, रंगवा, पुन्हा जोडा

इथवर सगळं कच्च्या लोखंडात जुळवायचं. आधी रंगवून मग जोडणारे दोनदा रंगवतात. आता सुटं करून तेलकटपणा थिनरने पुसा, वेल्डवरची पापडी ब्रशने काढा, प्रायमरचे दोन हात, मग रंग. वेल्डच्या खालच्या कोपऱ्यांत बोटाने चाचपून बघा. ब्रश तिथे पोचलेला नसतो.

प्लायला ४० मिमीची भोकं १५० मिमी अंतरावर पाडा, सर्व कडा आणि भोकांच्या आतल्या बाजू वॉर्निशने बंद करा. बिजागरीकडची १५ मिमी जागा मोकळी सोडूनच प्लाय बसवा, पिनेची नळी तिथे वर येते. भोकं गाळायची नाहीत. अंगाची वाफ गादीतून खाली जाते, थंड प्लायवर पाणी होते आणि आठवड्याभरात गादीच्या पोटाला काळी बुरशी येते. गादीला दोन इलास्टिक पट्टे लावले की ती उभी असताना घसरत नाही.

## टप्पा १०: चाचणी

२० लिटरचे पाण्याचे भरलेले आठ जार, म्हणजे सुमारे १६० किलो, पलंगावर समान ठेवा आणि तासभर सोडा. बाहेरच्या पाइपखाली मध्यावर टेप लावून आधी आणि नंतर मोजा. जार काढल्यावर पाइप पहिल्या मापाला परत आला पाहिजे. मग त्यांतले चार जार फक्त बाहेरच्या कडेवर, मधोमध. स्टे सुटतो का, लेव्हलिंग बोल्ट जमिनीत रुततो का ते पाहा.

नंतर पलंग उभा करून, सगळे क्लॅम्प आणि बेल्ट लावून गतिरोधक असलेल्या रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर चालवा. परत आल्यावर प्रत्येक बोल्ट पान्याने तपासा आणि बोल्टवरून शेजारच्या लोखंडावर मार्करने एक रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की कोणता बोल्ट फिरतोय ते पान्याशिवाय कळतं. पहिल्या हजार किलोमीटरनंतर रिवनटांचे बोल्ट पुन्हा एकदा बघा. त्यांतला एखादा सैल मिळाला तर नुसता आवळू नका. रिवनट फिरत असेल तर तो ड्रिलने काढून मोठ्या प्लेटसह शेजारी नवा बसवा आणि जुनं भोक प्रायमर लावून सीलंटने बंद करा.